शेंडा सगळ्यात शेवटी

तीन उशा. डोकं छातीच्या वर.
सिस्टर जेसिंतानं बजावलं
आणि मी सहकारनगरच्या दुसऱ्या मजल्यावर
बसून झोपायला शिकले,
रात्रीच्या एसटीत झोपतात तशी.

नाकावर पांढरं छप्पर.
श्वास तोंडानं, म्हणून सकाळी
जीभ शहाबादी फरशीसारखी.
नियमांचा कागद फ्रिजवर:
वाकायचं नाही, शिंकरायचं नाही,
शिंक आलीच तर तोंड उघडून, लाज सोडून.
आठवडाभर हसू नका, हे कागदावर नव्हतं,
डॉक्टर खरवंडीकर जाता जाता म्हणाले.
पुण्यात ते सोपं जाईल असं त्यांना वाटलं असावं.

बाबा संगमनेरहून आले.
पिशवीत पेरू, कात्री
आणि कुणी सांगितलं नसताना
अर्धा डझन सुती रुमाल.
मी दार उघडलं, डोळ्यांखाली दोन वांगी घेऊन.
ते बघत राहिले
त्याच नाकावरून
जे छत्तीस वर्षं माझंही होतं:
मधोमध उंटाची पाठ,
टोकाशी किंचित डावीकडे कललेलं,
शाळेच्या प्रत्येक फोटोत
माझ्याच ओठांवर सावली पाडणारं.

काही विचारलं नाही.
कांदा चिरला. खिचडी पार मऊ केली,
ताट पुढ्यात ठेवलं
आणि खिडकीशी जाऊन, पाठमोरे, म्हणाले,
"तू माझं नाक कापलंस, वैजू."

मग आपण काय बोललो
ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.
खांदे हलायला लागले.
मी वरचा ओठ न हलवता हसले,
टाके ओढले, डोळ्यांतून पाणी,
"हसू नकोस, अगं हसू नकोस," म्हणत
ते स्वतः भिंतीला टेकून हसत होते.

चष्मा नाकावर टेकवायचा नव्हता.
रोज सकाळी ते कागदी चिकटपट्टीनं
माझ्या कपाळाला तो टांगायचे.
तिसऱ्या दिवशी भुवईचे चार केस निघून आले
तेव्हा सॉरी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा, बहुतेक.

सातव्या दिवशी छप्पर निघालं.
आरशात एक सुजलेली बाई,
कुठल्याच लग्नाच्या अल्बममध्ये न सापडणारी.
मला वाटलं होतं आनंद होईल.
भाड्याच्या नव्या खोलीत पहिल्या रात्री
आपण अंधारात जुन्या जागी बटण चाचपतो,
तसा माझा हात त्या उंचवट्याकडे गेला
आणि रिकामा परत आला.
"सूज वर्षभर उतरत राहील," डॉक्टर म्हणाले,
"शेंडा सगळ्यात शेवटी. रोज बघत बसू नका."
मी रोज बघत बसते.

वास मात्र गेला तो गेलाच.
चहा म्हणजे गरम पाणी,
पेरू म्हणजे नुसता करकर आवाज.
बाबा दिवसातून चारदा काहीतरी समोर धरायचे,
जायफळ, साबण, ओलं वर्तमानपत्र.
"आला?"
"नाही."
मग गुपचूप स्वतः हुंगून बघायचे,
वस्तू चालू आहे ना म्हणून.

एकोणिसाव्या दिवशी तपासणीहून परतताना
रिक्षा म्हात्रे पुलावर अडकली.
खाली मुठा, फेब्रुवारीतच दमलेली,
काळी, जलपर्णीची गोधडी ओढून पडलेली.
रिक्षावाल्यानं कॉलर नाकापर्यंत ओढली,
बाबांनी रुमाल काढला,
आणि मला
आधी एक बारीक सुई टोचली,
मग अख्खी नदीच आत शिरली,
कुजकी, शेवाळी, शिळ्या अंड्याची.

"आला," मी ओरडले. "बाबा, वास आला!"
रिक्षावाल्याला वाटलं, ओकारी आली.
"बाजूला घेऊ का मॅडम?"
"घ्या," बाबा म्हणाले.
रुमाल घडी करून खिशात ठेवला.
आणि आम्ही दोघं
एकमेकांशी न जुळणारी नाकं बाहेर काढून,
मागच्या हॉर्नांना न जुमानता,
ती घाण पोटभर आत घेत बसलो.

मीटर चालूच होतं.